कल्पनेचं पाणी किती फुटांवर?

उदगीरजवळच्या एका शाळेत नववीच्या मुलांना मी मध्यंतरी अद्भुतकथा लिहायला सांगितल्या. एक तास दिला, विषय मोकळा ठेवला. बत्तीस वह्या पिशवीत घालून घरी आणल्या आणि रात्री एकेक वाचत बसलो. जॉन, अ‍ॅलेक्स, डॉक्टर डेव्हिड. न्यूयॉर्कवर उतरलेलं यान. प्रयोगशाळेतून सुटलेला विषाणू आणि रस्त्यावर झोंबी. एका कथेत तर पहिल्या ओळीपासून बर्फ पडत होता. मुलांची भाषा चांगली होती, वेग होता, शेवटी धक्काही होता. पण यातली एकही गोष्ट उदगीरच्याच मुलानं लिहायला हवी होती असं वाटेना.

एकतिसावी वही एका मुलीची होती. तिच्या कथेत रात्री शेतात बोअरची गाडी येते. आठशे फूट जाते, नुसता फुफाटा उडतो, पाणी लागत नाही. गाडी निघून जाते. तिसऱ्या रात्री केसिंगच्या पाइपातून कुणीतरी आकडे मोजतंय असा आवाज येतो. आठशे, सातशे नव्व्याण्णव, सातशे अठ्ठ्याण्णव. त्याखाली कंसात लिहिलं होतं, 'सर, पुढं सुचलं नाही.'

कादंबरीकाराला कल्पना सुचतात कुठून, हा प्रश्न प्रत्येक परिसंवादात कुणीतरी विचारतंच, आणि उत्तर बहुधा गोलमोल मिळतं. कुमारवयीन वाचकासाठी अद्भुत किंवा विज्ञानकल्पनेचं लिहिणाऱ्याला मात्र तो खरोखर विचारायला हवा. मराठीतल्या या लेखनाचं आजचं दुखणं प्रतिभेचं नाही, प्रकाशकांचंही सगळं नाही. आपण कल्पना कुठून आणतो, दुखणं तिथं आहे.

तसं पाहिलं तर या लेखनाला चांगले दिवस यायला हवे होते. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. विज्ञानकथाकाराला तो मान पहिल्यांदाच मिळाला. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २२ ते २४ एप्रिल २०२२ ला, ९५ वं संमेलन आमच्या उदगीरला उदयगिरी महाविद्यालयाच्या आवारात भरलं आणि अध्यक्ष होते भारत सासणे. जालन्यात जन्मलेले, दीर्घकथेत मुरलेले, माणसाच्या मनातल्या गूढाची जाण असलेले लेखक. प्रौढांसाठी इतकं गंभीर लिहूनही त्यांनी कुमारांसाठी लिहिणं कमीपणाचं मानलं नाही. त्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. लागोपाठ दोन अध्यक्ष, एक आकाशाकडे पाहणारा आणि एक अद्भुताच्या वाटेनं जाणारा. त्या तीन दिवसांत उन्हानं तापलेल्या ग्रंथदालनात मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली नवी मराठी अद्भुत कादंबरी शोधत हिंडलो. लहानग्यांची चित्रांची पुस्तकं होती, मोठ्यांच्या कादंबऱ्या होत्या, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे होते. मधल्या वयाचं जे हाताला लागलं ते एक तर भाषांतरित होतं, नाही तर मी शाळेत असताना वाचलेलं.

शाळेत असताना वाचलेलं म्हणजे मुख्यतः भा. रा. भागवत. परदेशी कल्पना मराठीत आणायची रीत त्यांच्याही आधीची. 'केरळ कोकिळ' मासिकानं १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठी वाचकाला घडवली होती. पण भागवतांनी व्हर्न नुसता आणला नाही, तो मराठीत रुजवला. धूमकेतूवर बसून सूर्यमाला हिंडणाऱ्या माणसांच्या त्या फ्रेंच कादंबरीला त्यांनी नाव दिलं 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. शेंडेनक्षत्र हा शब्द अंगणात बाजेवर झोपून आभाळ पाहणाऱ्या आजीचा, आणि 'मुक्काम' हा पोस्टकार्डावरच्या पत्त्यातला. त्या दोन शब्दांनी धूमकेतू गावाच्या शिवेला आणून लावला. त्यांचा फास्टर फेणेसुद्धा फुरसुंगीचा आहे, कुठल्या तरी 'नगरा'तला नाही. पुढं हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' झालं, तेव्हा मला भागवतांचीच आठवण झाली. इंग्रजीत ज्यासाठी दोन शब्द लागतात ती वस्तू आपल्या संतांच्या अभंगांत शतकानुशतकं लोखंडाचं सोनं करत बसली होती. भाषांतरकाराला ती सहज सापडते. मूळ लिहिणाऱ्याला का सापडत नाही, हे मला कळत नाही.

कल्पनेचा हा झाला परभाषेचा झरा. दुसरा झरा विज्ञानाचा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या नावानं 'कृष्णविवर' ही कथा आली. नाव उलटं वाचलं की ज. वि. ना. मिळतात. नारळीकरांना आपल्या प्रसिद्धीचं वजन परीक्षकांवर पडू द्यायचं नव्हतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठीत एक दार उघडलं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. दिवाळी अंकांत विज्ञानकथेला मानाची पानं मिळू लागली. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलांना कृष्णविवर म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकाआधी या कथांनी सांगितलं, आणि ते ऋण मी कधी विसरणार नाही.

तरी त्या लेखनाची मर्यादाही सांगायला हवी. त्यातली कल्पना बहुतेक वेळा एखाद्या शोधनिबंधातून किंवा विज्ञान मासिकातल्या बातमीतून निघते आणि कथेच्या शेवटी कुणी प्राध्यापक ती समजावून सांगतो. पात्रं मुंबई-पुण्याची, वयानं चाळिशीच्या पुढची, बहुतेक पुरुष. मूल असलं तर शास्त्रज्ञाचा पुतण्या, प्रश्न विचारण्यापुरतं. कुमारांनी या कथा आवडीनं वाचल्या, पण त्या त्यांच्याविषयीच्या नव्हत्या. 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला' ही नारळीकरांची नावं पाहा. पुराणातला शब्द नेमका उचललेला आहे. 'वामन'मध्ये तर जमिनीत खोल सापडलेल्या एका प्राचीन प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून यंत्रमानव जन्माला येतो, आणि तीन पावलांत सगळं मागून घेणाऱ्या बटूची कथा आतून वळण घेत येते. तिथं पुराण नुसत्या नावापुरतं राहत नाही. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी मात्र फक्त नाव उचललं. यानाला पुष्पक म्हटलं, अस्त्राला ब्रह्मास्त्र म्हटलं, की काम झालं अशी समजूत झाली.

तिसरा झरा भयाचा, नारायण धारपांचा. ते मुलांसाठी लिहीत नव्हते, पण मुलं ते पांघरुणात वाचत होती. त्यांनी स्टीफन किंगसारख्यांकडून मोकळेपणानं घेतलं आणि ते मराठी वाड्यात, माजघरात आणून बसवलं. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटामागे धारपांच्याच कथेची आठवण आहे. उसनं आणलेलं बी आपल्या मातीत दोनदा रुजून वर आलं तर त्याचं झाड किती वेगळं होतं, हे पाहण्यासाठी तरी तो चित्रपट पाहावा.

भागवत, नारळीकर, धारप. म्हणजे परभाषा, प्रयोगशाळा आणि वाडा. गेली शंभर-सव्वाशे वर्षं आपली पोहऱ्याची दोरी या तीन विहिरींवर चालली आहे. चौथी विहीर पायाखाली आहे आणि तिच्यावर अजून मोट बसलेली नाही.

उदाहरणासाठी आमच्या किल्ल्यापर्यंतच येतो. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवत असेल. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे देशभरातल्या मुलांना ती ठाऊक आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जागे होतात जिथं मराठे पानिपत जिंकलेले आहेत. फाटा फुटतो तो एका गोळीशी. ती विश्वासरावाला लागली की निसटती गेली, एवढ्यावर दोन जगं वेगळी होतात. पर्यायी इतिहासाची इतकी चोख मराठी कथा दुसरी नाही.

आता पंचांग थोडं मागं घ्या. ३ फेब्रुवारी १७६०. उदगीर. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं नमवलं. आधी निजामाच्या पदरी नोकरी केलेल्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्या दिवशी मराठ्यांकडून धडाडत होत्या. दौलताबाद, बऱ्हाणपूर अशी मोलाची ठाणी तहात मिळाली. त्याआधी तीनच आठवडे, १० जानेवारीला, दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले होते आणि ती बातमी दक्षिणेत पोचायची होती. ती आली, पडदूरला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला, मसलत झाली आणि उत्तरेच्या मोहिमेसाठी भाऊंचं नाव ठरलं. उदगीरच्या यशाचं तेज ताजं नसतं, तर ते ठरलं असतं का? १४ मार्चला भाऊ निघाले. १४ जानेवारीला पानिपत झालं. मधे बरोबर दहा महिने.

म्हणजे फाटा पानिपतावर फुटलाच असं नाही. तो आमच्या किल्ल्याच्या खंदकाशीही फुटू शकतो. भाऊ उदगीरला हरले असते तर मराठ्यांचं पानिपत वाचलं असतं का, या उलट्या प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी राहते. दरवर्षी सहलीला येणारी हजारो मुलं त्या तटावर उभी राहून फोटो काढतात, आणि त्यांच्या हातात हा प्रश्न कुणी दिलेला नाही.

नारळीकरांच्या त्या कथेबद्दल आणखी एक गोष्ट मला फार दिवस टोचते. ज्याच्या जगण्यामरण्यावर गंगाधरपंतांचं जग फिरतं तो विश्वासराव तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. मराठीतल्या सर्वोत्तम पर्यायी इतिहासाच्या केंद्रस्थानी एक कुमार आहे, आणि गोष्ट मात्र आपण प्रौढ प्राध्यापकाच्या चष्म्यातून पाहतो. कुमार कादंबरी लिहिणाऱ्यानं नेमका हा कोन फिरवायचा असतो. गारद्याच्या तोफखान्यात दारूची पोती वाहणारा पंधरा वर्षांचा पोरगा घ्या. त्याला दखनी येते, तेलुगू येते, मराठी कामापुरती येते. काल ज्यांच्या बाजूनं होता त्यांच्यावर आज त्याला तोफ भरायची आहे. त्याला इतिहास ठाऊक नाही, फक्त भीती ठाऊक आहे. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं. इथल्या बाजारात आजही एका सौद्यात तीन भाषा होतात. अशा गावातला लेखक एकाच भाषेत चालणारा मंत्र लिहील तर ती त्याची आळशी कल्पना म्हणावी लागेल.

पायाखालची विहीर खणायचं हे काम इंग्रजीत एकट्या माणसानं एका टेकडीवर उभं राहून केलं. अ‍ॅलन गार्नर इंग्लंडमधल्या चेशायरचा. ऑल्डर्ली एज नावाच्या टेकडीच्या पोटात शूर वीर झोपले आहेत ही दंतकथा त्यानं आजोबांकडून ऐकली होती. १९६० साली आलेली त्याची पहिली कादंबरी त्या टेकडीतूनच निघाली. पुढंही तो जन्मभर त्याच पंचक्रोशीत खणत राहिला. अर्सुला ले ग्विनची गोष्ट वेगळी. मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा असं प्रकाशकानं सांगितल्यावर तिच्या मनात आलं, पांढऱ्या दाढीचे जादूगार कधीतरी पोरसवदा असतीलच ना, ते तेव्हा काय करत होते? १९६८ चं 'अर्थसी' त्यातून आलं. सुझन कॉलिन्सनं तर एका रात्री टीव्हीची वाहिनी बदलता बदलता एकीकडे स्पर्धेचा खेळ आणि दुसरीकडे इराक युद्ध पाहिलं, दोन्ही तिच्या डोक्यात मिसळलं आणि 'हंगर गेम्स' सुचली. टेकडी, एक साधा प्रश्न, टीव्ही. तिघांनीही घरातलंच घेतलं.

कॉलिन्सचं नाव निघालं की मला लातूर दिसतं. दहावी झालेली उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूरची मुलं तिथं खोल्या घेऊन राहतात. मेसचा डबा, पहाटेची शिकवणी, रविवारची टेस्ट आणि भिंतीवर लागणारी रँकची यादी. 'लातूर पॅटर्न'नं खेड्यातल्या हजारो घरांत डॉक्टर दिले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याबद्दल मनात आदर आहे. पण कुमार वाचकाची दोन वर्षं तिथं पूर्ण पुसली जातात, हेही खरं. तेरा ते सतरा हे अद्भुताच्या भुकेचं वय, आणि नेमकं तेच वय बहुपर्यायी प्रश्नांना दिलेलं. जिथं मुलाच्या नावाआधी त्याचा रँक विचारला जातो, ते शहर म्हणजे लिहिणाऱ्याला आयतं मिळालेलं भयस्वप्न आहे. त्यावर मराठीत एक तरी कादंबरी हवी होती. मला वाचायला मिळालेली नाही.

किल्लारीच्या भूकंपाबद्दल मी जरा जपून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि दगडमातीची जाड भिंतींची घरं त्यांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ते दुःख कुणाच्याही कथेचं नेपथ्य होऊ नये. पण तिथं आज जुनं गाव आणि नवं गाव अशी दोन गावं एकाच नावानं नांदतात. नव्या गावात सरळ रेषेतल्या गल्ल्या, जुन्या गावात बाभळीत बुडालेले चौथरे. आज पंधरा वर्षांचं असलेलं मूल नव्या गावात जन्मलं आहे, आणि आजी अजूनही पत्ता जुन्या गावाचा सांगते. 'आमचं घर नेमकं कुठं होतं?' असं ते मूल विचारतं. जगभरच्या कुमार अद्भुत कादंबऱ्यांत दारं असतात, कपाटं असतात, तिथून दुसरं जग सुरू होतं. आमच्याकडे दुसऱ्या जगाला ग्रामपंचायत होती. ही कादंबरी बाहेरच्यानं लिहू नये. नव्या किल्लारीतल्या एखाद्या मुलानं ती मोठेपणी लिहावी, आणि तोवर वाट पाहायची माझी तयारी आहे.

औंढ्याची गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पाय उचलून जिथं ठेवावेत तिथं पिंड उमटत गेली. तिथलंच देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरलं असंही लोक सांगतात, आणि नंदी मागच्या बाजूला आहे तो पुरावा म्हणून दाखवतात. त्याच औंढ्याजवळ गुरुत्वलहरी मोजणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश ताणलं जातं आणि त्या भुजांची लांबी प्रोटॉनहूनही कितीतरी सूक्ष्म अंतरानं बदलते. ती मोजायची. नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली 'आयुका' या प्रकल्पात आहे. 'कृष्णविवर' लिहिणारा कथाकार २० मे २०२५ ला गेला. त्याच्या संस्थेची माणसं आता कृष्णविवरांची थरथर ऐकायला मराठवाड्यात येत आहेत. जिथं पाय ठेवावा तिथं अवकाशानं उत्तर दिलं असं सातशे वर्षं सांगितलं गेलं, तिथंच अवकाश हलतं का ते मोजायचं. यापेक्षा जास्त काय हवं असतं कादंबरीकाराला? नागनाथाच्या यात्रेत खेळणी विकणाऱ्याची पोर आणि त्या चार किलोमीटरच्या नळीवर रात्रपाळी करणारा तिचा भाऊ, एवढी दोन माणसं मला आत्ता दिसतात.

इथं एक धोका सांगून ठेवतो. आपल्या मातीतली कल्पना म्हणजे पोतराज, जत्रा, हडळ असं जंत्रीवजा काही नव्हे. अद्भुताला नियम लागतो आणि नियमाला किंमत लागते. ले ग्विनच्या जगात वस्तूचं खरं नाव ठाऊक असेल तरच जादू चालते, आणि तोल गेला की ती उलटते. आपल्याकडे असा नियम शोधायला लांब जावं लागत नाही. बोअर मारण्याचाच घ्या. आधी पानाडी येतो. तळहातावर आडवा नारळ ठेवून शेतातून चालतो, आणि नारळ उभा राहिला की तिथं चुन्याची फक्की टाकतात. विज्ञान ते मानत नाही, शेतकरी अर्धवट मानतो, आणि तरी बोलावतो. मग गाडी येते, बहुधा तमिळनाडूतली, बहुधा रात्री. पहिल्यांदा मुरूम येतो, मग काळा पाषाण, मधेच तांबडी माती. बाप, आजोबा, पोरं सगळे त्या भुकटीचा रंग बॅटरीच्या उजेडात चिमटीत घेऊन पाहतात. कुणी बोलत नाही. खोली वाढेल तसा फुटाचा दर वाढतो. म्हणजे आशा जितकी खोल, तितकी महाग. एवढा कडक आणि एवढा करुण नियम कुठल्या परदेशी जादूला आहे? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, ते ज्यांनी पाहिलं ती पोरं आता पंचविशीत आली आहेत. त्यांच्यातल्या कुणी लिहायला बसलं असेल तर त्यानं हा नियम हातचा सोडू नये.

आणि हे छापायचं कुठं? बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून चालू आहे आणि खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचतं, पण तिथं लांबीला मर्यादा आहे. अद्भुताला वाहिलेले 'नवल'सारखे दिवाळी अंक प्रौढांचे. कुमार कादंबरीला दीडशे-दोनशे पानं लागतात आणि तिच्यावर भरवसा ठेवणारा प्रकाशक लागतो. आज पुष्कळ प्रकाशक त्या जागी भाषांतराचे हक्क घेणं पसंत करतात. त्यांचं गणित मला कळतं, पटत नाही.

बोअरची गोष्ट लिहिणाऱ्या त्या मुलीला मी वही परत द्यायला गेलो, तेव्हा पुढं काय लिहावं हे सांगितलं नाही. फक्त भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी पाडलेल्या छिद्राची गोष्ट सांगितली. आपण ज्यावर राहतो तो काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. तिथं ते ३३८ मीटर जाड निघाले आणि त्यांच्याखाली आठ मीटर गाळ होता. लाव्हा यायच्या आधी उघड्या आभाळाखाली असलेली जमीन. त्यानंतर तिच्यावर ऊन पडलेलं नाही. उदगीरखाली तो थर कमीजास्त असेल, हेही सांगितलं.

तिनं पेनाची मागची बाजू चावत वहीच्या कोपऱ्यात मीटरचे फूट केले. अकराशे नऊ. त्यातून आठशे वजा केले.

"म्हणजे तीनशे नऊच राहिले की, सर," ती म्हणाली, आणि वही उघडून खाली वाकली.